लेन्सची तपासणी
चाळीस वर्षं फोटो काढणाऱ्या नवऱ्याने जुनी लेन्स बायकोपुढे सरकवली. “आत बुरशी धरली असेल. नातीचा एक फोटो धड येत नाही!” स्टुडिओत जन्म काढलेल्या बायकोने टॉर्च लावून पाहिलं. काच स्वच्छ होती. मग तिने भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, तीच लेन्स लावून कॅमेरा टेबलावर ठेवला आणि टायमर लावला. फोटोत कोपऱ्यातलं बारीक अक्षरसुद्धा स्पष्ट आलं. त्याच वर्तमानपत्राच्या, त्याने कॅमेरा हातात धरून काढलेल्या फोटोत मात्र सगळ्या ओळी हललेल्या. “लेन्स ठणठणीत आहे,” ती हळूच म्हणाली. “तुमचा हात थरथरतोय. उद्या डॉक्टरांकडे जाऊ.” त्याने कॅमेरा बाजूला सारला. “म्हणजे संपलंच सगळं.” “काहीतरीच काय!” पाळण्यात नात जागी झाली होती. बायको त्याच्यापुढे पाठमोरी बसली. “ठेवा कॅमेरा माझ्या खांद्यावर. मी श्वास रोखते.” फोटोत नातीच्या पापणीचा केसन्‌केस वेगळा दिसला.