आप्पांचा सदरा

वडिलांच्या सदऱ्यात चिंध्या ठासून मी बाहुला केला आणि शाळेच्या ओट्यावर आडवा ठेवला. नॉर्वेत शिकतोस, तर तिकडचं काहीतरी पोरांना सांग, असं हेडमास्तर म्हणाले होते. आजवर तिकडून मी घरी फक्त बर्फाचे फोटो पाठवले होते.

"माणूस कोसळला, श्वास थांबला, तर कांदा हुंगवत बसू नका," मी म्हणालो. "ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छातीच्या मधोमध असं जोरजोरात दाबत राहा. तिकडे शाळेतल्या पोरांनाही येतं हे."

आई मागे बसली होती. गेल्या श्रावणात आप्पा बाजारात कोसळले, तेव्हा अख्खा बाजार भोवती जमला होता. ॲम्ब्युलन्स यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ आई त्यांच्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसली होती.

पोरांचं झाल्यावर ती पुढे आली. सदऱ्याची कॉलर नीट केली, दोन्ही हात ठेवले आणि दाबू लागली. तीस वेळा झालं, तरी ती थांबेना.

"तू कधी शिकलास रे हे?" दाबता दाबताच तिने विचारलं.

"तीन वर्षं झाली. तिथे गेल्या गेल्या."

आईचे हात थांबले.