तीन पर्याय

शेवगावच्या बाजारातून आले की भिमाजी लेकीचा, धनश्रीचा मोबाईल घेऊन बसत. त्यातल्या गेमने त्यांना पुरतं नादी लावलं होतं. गोष्ट वाचायची, नायिकेने काही विचारलं की खाली आलेल्या तीन उत्तरांतलं एक दाबायचं. त्यांनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, गप्प राहूनही पाहिलं; ती आपली दर वेळी आगगाडीत बसून निघून गेली.

"चित्रं झ्याक हायेत, पन ही निव्वळ फसवाफसवी हाय!" ते धनश्रीवर उखडले. "तीन-तीन पर्याय दावायचे अन् शेवट एकच? मानसाला येडं समजत्यात व्हय?"

तेवढ्यात चुलीपासून लंकाबाईने नवऱ्याला विचारलं, "अवो, पिठलं करू, बेसन करू, का झुनका?"

 

"बेसन कर," भिमाजी नीट विचार करून म्हणाले, "पिठलं खाऊन लई कटाळा आलाय."