बारा पट अंधार

पिल्लं दिसूच नयेत, हेच तुम्हाला हवं होतं, साहेब. नाही म्हणू नका. अस्वल एकटं असावं, शंभर किलोच्या आतलं असावं, सोबत पिल्लं नसावीत, असा हुकूम तुम्ही काढलात, आणि मग आमच्या गावच्या शिकाऱ्याला, मातियाला, फोन करून हळूच म्हणालात, "नाही दिसली म्हणजे नाहीत. एवढं कळतं ना तुम्हाला?"

कळतं त्याला. म्हणून तर मचाणावर बसल्या बसल्या त्याने बंदुकीवरच्या दुर्बिणीचं कडं फिरवत थेट बारा पटीवर नेऊन ठेवलं होतं.

सूर्य डोंगरामागे गेला होता. बीचच्या झाडांच्या कोवळ्या पानांत अजून राखाडी उजेड होता, पण पातळ. ऐंशी पावलांवर आमिषाला मका टाकलेला, आणि मक्यावर अस्वल. मातियाच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, त्याची लेक येरा. तिच्या गळ्यात तिची स्वतःची दुर्बीण. मचाण एका माणसापुरतं बांधलेलं. दोघं बसले की खोकायचं असलं तरी विचारून खोकावं लागे.

"बारावर?" ती कुजबुजली. "मिशा मोजायच्यात का तिच्या, बाबा?"

"तिच्या कशावरून? त्याच्या असतील."

"सहावर आण. मग बघू तिच्या की त्याच्या."

उजेड जायला लागला की नवशिका दुर्बीण चढवत नेतो. त्याला वाटतं, मोठं दिसलं म्हणजे नीट दिसलं. होतं उलटंच. जनावर मोठं होतं आणि उजेड आटतो. बारावर उरतो तो एक काळा ढीग, आजूबाजूचं सगळं कापलेलं. सहावर जनावर लहान दिसतं, पण उजळ दिसतं, आणि त्याच्या भोवतीची जमीनही दिसते. येराला हे मातियानेच शिकवलं होतं. ती चुकली की टपली मारायचा. आज तोच बारावर बसला होता, आणि तो काही नवशिका नव्हता.

निघताना फानीने त्यांना रस्त्यात गाठलं होतं. तिच्या मधाच्या पेट्या अस्वलाने दोनदा फोडल्यात. "चांगलं दिसो," ती म्हणाली. आमच्याकडे शिकारीला निघालेल्याला कोणी यश चिंतत नाही, अपशकुन होतो. चांगलं दिसो, एवढंच म्हणायचं. पण फानीला तेवढ्यावर राहवलं नाही. "आणि नाही दिसलं तरी मार मेल्याला!"

पिल्लं पाहून मादी मारली, तर परवाना मातियाचा जाणार, तुमचा नाही. मारली नाही, तर सोमवारी तुमची बाहेरच्या शिकाऱ्यांची टोळी येणार, तिला जंगल ठाऊक नाही आणि घाई आहे. आणि गाव मातियाच्या दारावरून थुंकून जाणार. राहिली एकच वाट. अंधार होता, दिसलं नाही. मग सगळे सुटतात. पिल्लं पुढे उपाशी मरतात, पण ती तुमच्या हिशेबात कुठेच येत नाहीत.

येराने आपली दुर्बीण डोळ्यांना लावली.

"बाबा..."

"काय बघितलंस ते मला सांगू नकोस."

"ऐक तरी."

"गप्प. तू सांगितलंस की मला माहीत झालं. माहीत झालं की मी मेलो."

"आणि मला माहीत झालंय, त्याचं मी काय करू? गिळू?"

त्याने बंदुकीचा सुरक्षेचा खटका पुढे सरकवला. काळा ढीग, त्यावर नेमाची काळी रेघ. खांदा कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो, कळत नव्हतं.

येराने हात लांब केला आणि कडं फिरवलं. बारा, दहा, आठ, सहा.

सगळं उजळलं. मादी होती. तिच्या पोटाखालून एक पिल्लू डोकं काढत होतं. दुसरं मक्यात उताणं पडून स्वतःचाच पाय चावत होतं.

"कार्टे," मातिया म्हणाला. "काय करून ठेवलंस."

"सहावर आणलं."

त्याने खटका मागे ओढला. कडं पुन्हा बारावर नेता आलं असतं. पण पाहिलेलं आता पुसता येत नव्हतं. खाली उतरताही येईना. पिल्लंवाली मादी समोर, आणि शिडी तिच्याच बाजूला.

खिशात फोन थरथरला. तुमचाच. मातियाने आवाज बारीक केला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

"झालं का? उजेड आहे ना अजून?"

"आहे, साहेब."

"मग कशाला थांबलात? गावातून सारखे फोन येतायत मला."

"दोन पिल्लं आहेत."

तुम्ही मग म्हणालात, "नीट बघा. या वेळेला झुडपंसुद्धा पिल्लांसारखी दिसतात."

"झुडूप स्वतःचा पाय चावत नाही, साहेब."

"हे बघा, मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही. निर्णय जागेवरच्या माणसाचा असतो."

मक्यावरच्या मादीने मान वर केली. येराने बापाची बाही घट्ट धरली. मातियाने फोन अगदी ओठांजवळ नेला.

"जागेवर मी आहे, पण हुकूम तुमचा आहे. माझी लेक ऐकतेय. तेव्हा तोंडाने सांगा."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"बोला, साहेब. मारू की नको?"