बोर्लीवाला

"बाबा, तो बोर्लीवाला परत आला," कल्पिता म्हणाली.

शाहीर चांगदेव हातातला चहा तसाच ठेवून लेकीच्या संगणकापाशी आला. पडद्यावर तेच नाव होतं, 'बोर्ली७'. काल टाकलेली गवळण तो उतरवून घेत होता. अर्धी गेलीसुद्धा होती.

तळा गावात चांगदेवचं शक्तीवाल्यांचं जाखडी नाचाचं मंडळ होतं, त्यातले निम्मे गडी मुंबईला कामाला. त्यांना तालमीसाठी गाणी मिळावीत म्हणून कल्पितानं हा प्रोग्राम बसवला होता. एकाच्या संगणकावरचं गाणं थेट दुसऱ्याच्या संगणकावर जायचं. मध्ये कंपनी नाही, पैसे नाहीत. प्रोग्राम कसा लिहिलाय तेही सगळ्या जगाला उघडं. चांगदेवला ते तेव्हाच पटलं नव्हतं. ज्याला मालक नाही त्याची राखण कोण करणार?

बोर्ली पंचतनात या गाण्यांवर डोळा असणारा एकच माणूस होता. शक्तीवाल्यांच्या विरुद्ध गाणाऱ्या तुरेवाल्यांचा शाहीर रघू. वीस वर्षं दोघं गाण्यांच्या सवाल-जवाबाच्या सामन्यात एकमेकांसमोर उभे राहत आले होते. गणपतीतल्या सामन्याला आठ दिवस उरले होते, आणि समोरच्याची गाणी आधी कळली की उत्तरं घरी बसून रचता येतात.

"त्याला बंद करू?" कल्पितानं विचारलं.

"नगं. घेऊ दे त्याला."

त्याच दुपारी चांगदेवनं कर्णावर नवं गाणं रचलं. तिसऱ्या कडव्यात मुद्दाम कर्णाला कुंतीचा धाकटा मुलगा केला, आणि ते स्वतः गाऊन संगणकावर टाकलं. सामन्यात तो स्वतः बरोबर गाणार होता. रघू मात्र बांधून आणलेलं उत्तर घेऊन न झालेल्या चुकीवर तुटून पडणार. हजार माणसांत चोर आपल्याच तोंडानं सापडणार.

संध्याकाळपर्यंत बोर्ली७ नं गाणं उचललं. चांगदेव त्या दिवशी पोटभर जेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मोटारसायकल थांबली. रघू होता. चांगदेवनं त्याला 'ये' म्हटलं नाही.

"तुझी गानी मी घेतो," रघू उभ्याउभ्याच म्हणाला. "तुझं नाव टाकून सूनबाईनं हुडकली. ती लावून देते, मी पडवीत ऐकत बसतो. चोर म्हन, काय म्हनायचं ते म्हन. पन ते कर्नाचं गाऊ नको. कर्न थोरला, तू धाकटा केलास. लोकांत हसं व्हईल तुझं."

"मग बरंच की. सामना तू मारशील."

"मारीन. आनि तू डफ खुंटीला टांगून घरात बसशील. वीस वर्सं वळखतो तुला."

चांगदेवची नजर खाली गेली.

रघूनं रुमालानं मान पुसली. "मंग मी गानी कोनाची ऐकायची?"