पिवळी बाटली

कान्हे गावच्या हौसाबाईंचा सहा वर्षांचा नातू तळेगावच्या दवाखान्यात थंडगार पडला होता. जंतुसंसर्ग रक्तात पसरून रक्तदाब कोसळला होता, लघवीची पिशवी सकाळपासून कोरडी होती. डॉक्टर तांबोळीबाई सुई लावेपर्यंत, भेंडी मोडून पाहिल्याशिवाय न घेणाऱ्या हौसाबाईंनी शेजारी काढून ठेवलेल्या सलाईनच्या दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "दोनी पाण्यावानीच! आमच्याकडं अशक्तपणाला पिवळी लावत्यात. ती लावा की." "ती टॉनिकची, मावशी. आत्ता मीठपाणीच हवं." "मग दोन कशाला?" "एकीत नुसतं मीठ. दुसरीतले क्षार रक्ताशी जास्त जुळतात." "मग इचार कसला करताय?" डॉक्टरांनी दुसरी उचलली आणि मोठ्या सिरिंजने भराभर सोडली. हौसाबाई पिवळीचंच पुटपुटत राहिल्या. तासाभराने पोराचे पाय कोमट झाले. डॉक्टरांनी पलंगाखालची पिशवी वर धरली. तळाशी लघवी जमली होती. "घ्या मावशी, तुमची पिवळी." हौसाबाईंनी तीही उजेडात धरली.