चौथी पुडी

"जग पाहावं, पण जगाचं अन्न पोटात घेऊ नये!" निवृत्त वजनमापे निरीक्षकांनी जाहीर केलं.

जाहीर करताना ते हॉटेलच्या खोलीत बनियनवर, खुर्चीवर उभे होते. छतावरची धुराची घंटा वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी तिच्यावर ओला टॉवेल दाबून धरला होता. खाली त्यांची बायको तोंड धुवायच्या बेसिनमध्ये तांदूळ धूत होती.

तांदळाच्या बारा पुड्या निरीक्षकांनी घरूनच तोलून आणल्या होत्या. प्रत्येकीवर तारीख. आजची चौथी. परदेशात येऊन चार दिवसांत बाईंनी पाहिलं ते एवढंच: बेसिन, विजेचा कुकर आणि खुर्चीवरचा नवरा.

कुकरचा लाल दिवा लागला. खिडकीतून खालच्या खाणावळीचा वास आला. आंबट, खमंग, अनोळखी. चार दिवस येत होता.

"आज मी खाली जेवणार," ती म्हणाली.

"काय जेवणार? नाव तरी ठाऊक आहे का?"

"नाही. म्हणूनच."

तिने दाराजवळच्या खाचेतून खोलीचं कार्ड उपसलं. दिवे गेले, पंखा थांबला, कुकरचा लाल डोळा मिटला.

"अगं, भात!" अंधारात खुर्चीवरून आवाज आला.

"अजून तांदूळच आहेत," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

खाणावळीत रंगाऱ्यांची एक टोळी जेवत होती. तिला तिथली भाषा येत नव्हती. तिने शेजारच्या रंगाऱ्याच्या वाडग्याकडे बोट दाखवलं. मालकिणीने तिला आपादमस्तक न्याहाळलं, स्वतःच्या गळ्यावर हात फिरवून, तोंडापुढे वारा घालत काहीतरी विचारलं. तिने जोरात मान डोलावली.

वाडगा आला तेव्हाच निरीक्षक दारात पोहोचले. सदऱ्याची बटणं एक घर चुकलेली, खांद्यावर ओला टॉवेल. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"खाऊ नकोस! त्यात काय काय आहे, विचारलंस का?"

"एकेचाळीस वर्षांत तुम्ही कधी विचारलंत? पान वाढलं की बसायचात."

"ते वेगळं. तिथे तू होतीस."

"इथे ही आहे." तिने मालकिणीकडे बोट केलं.

रस्सा तांबडा होता. त्यात पांढरं काहीतरी तरंगत होतं आणि चमचा जवळ नेला की अंग चोरत होतं. तिने ते काठाशी गाठलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. आधी कान लाल झाले, मग नाक. गालावरून पाणी ओघळलं. रंगाऱ्यांनी आपापले चमचे थांबवले.

तिने दुसरा चमचा भरला.

"सोड, सोड! कुणी पाहत नाहीये," निरीक्षक म्हणाले. सगळी खाणावळ पाहत होती.

तिसरा. चौथा. सहाव्या चमच्याला एका रंगाऱ्याने टेबलावर थाप मारली.

"कसं आहे?" दारातून आवाज आला. या वेळी बारीक.

तिने पुढचा चमचा भरला. वाडग्याचा तळ दिसू लागला होता. तेवढ्यात निरीक्षकांच्या पोटात असं काही गुरगुरलं, की मालकिणीने हातातलं काम टाकून एक रिकामा वाडगा पुसायला घेतला.

निरीक्षकांनी इकडे तिकडे पाहिलं. उंबरा ओलांडला. समोरची खुर्ची ओढून बसले आणि घसा खाकरला.

"नमुना म्हणून एक चमचा दे. तपासायला."

तिने वाडगा आपल्याकडे ओढला. डोळे लाल, पदराचा बोळा ओठांवर दाबलेला. आवाज कसाबसा फुटला.

"तुमचा नमुना तुम्ही जाऊन मागा. आणि येताना मला जरा पाणी आणा. लवकर."