डावा कोपरा

उद्या शेजारच्या कॉलेजशी बास्केटबॉलची फायनल. मॅडम कोर्टावर बाटल्यांची झाकणं मांडून डाव समजावत होत्या: पाच पांढरी त्यांची, पाच निळी आमची. लाल झाकण नेहमीसारखं मॅडमच्या मुठीत. ते रेणुकाचं. गेल्या वर्षी सरावाला येताना ती नामपल्लीत बसखाली गेली. तेव्हापासून डाव्या कोपऱ्यात, तिच्या जागी, कुणीच उभं राहत नाही. "मॅडम, माझी मावसबहीण त्यांच्यात खेळते ना," मी म्हणाले, "त्यांनी डाव्या कोपऱ्यावर दोघींना लावलंय." "रिकाम्या कोपऱ्यावर? कायकू?" "त्यांनी आपला सराव बघितला. पास द्यायच्या आधी आपण सगळ्या तिकडंच बघतो म्हणे. त्यांना वाटतंय, तिथली पोरगी लपवून ठेवलीय." मॅडमनी मूठ उघडली, लाल झाकण डाव्या कोपऱ्यात ठेवलं आणि दोन पांढरी त्याच्याजवळ सरकवली. "उद्याही तिकडंच बघा," त्या म्हणाल्या. "दोघींना रेणुका सांभाळेल."